निसर्गाच्या बाजारात काटा कुणाचा?

बेळगावात पर्यावरणावर चर्चासत्र भरले की हल्ली ‘ग्रीन क्रेडिट’, म्हणजे निसर्ग सावरल्याबद्दल मोजून मिळणारी पावती, हा शब्द येतोच, आणि तो आला की सभागृहात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सरकारकडे पैसा नाही, कंपन्यांकडे आहे. तो डोंगरात, ओढ्यात, जंगलात आणायचा तर निसर्गाला किंमत लावा, क्रेडिट काढा, विक्रीला ठेवा. दुसरा तट विचारतो, नदी-रान म्हणजे काय बाजारचा माल आहे? पहिल्याकडे आलेख असतात, दुसऱ्याला टाळ्या मिळतात, आणि चहाची वेळ होते. दोघांचेही एक गृहीत मात्र सारखेच आहे. बाजार ही आपोआप चालणारी गोष्ट आहे आणि तिला एकतर वाट द्यायची किंवा अडवायची, एवढेच आपल्या हाती आहे, असे दोघे धरून चालतात. मला ते पटत नाही. निसर्ग सावरण्यासाठी खासगी पैसा घ्यायला माझी हरकत नाही. खानापूर-चंदगडच्या पट्ट्याला तो हवाही आहे. पण आज ज्या नियमांनी तो बोलावला जातो आहे, त्या नियमांनी एकतर तो येणारच नाही, किंवा आला तर नेमका आमच्या गायरानावर येऊन बसेल. विकत घेणे कोणाला भाग आहे, माल कोण मोजतो आणि पैसे कोणाच्या खात्यावर पडतात, या तीन कलमांत बाजार घडतो किंवा बिघडतो. त्यांवर कोणी पाच मिनिटेही बोलत नाही.

सीमाभागाला हे समजावून सांगायची गरज नसावी. बेळगाव जिल्हा उसाचा. साखर कारखाने इथे जितके आहेत तितके कर्नाटकात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी ठाण मांडून बसले, टनाला ३,५०० रुपये मागितले आणि सरकारने मध्ये पडून ३,३०० वर तोड काढली. मागणी दराची होती. पण उसाच्या पट्ट्यात कुठल्याही पारावर बसा, दराइतकाच राग काट्यावर निघतो. ऊस शेतकऱ्याचा, वजनकाटा कारखान्याचा, साखरेचा उतारा कारखान्याच्याच प्रयोगशाळेतला. खरेदीदार आहे, कायद्याने ठरलेला किमान दर आहे, तरी विश्वास नाही, कारण जो पैसे देणार तोच मोजणार. आता निसर्गाच्या बाजाराकडे बघा. तिथे विकणारा मोजतो, किंवा विकणाऱ्याने फी दिलेला तपासनीस मोजतो. आणि गंमत अशी की माल कमी भरला तरी विकत घेणाऱ्याला दुःख नसते, कारण त्याला माल नको असतो, पावती हवी असते. ऊस कमी भरला तर निदान एक पक्ष ओरडतो. झाडांनी जितका कार्बन धरून ठेवल्याचे क्रेडिटवर लिहिले त्याहून तो कमी भरला तर दोन्ही पक्ष खूश. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’ आणि युरोपातल्या इतर वृत्तसंस्थांनी मिळून ‘व्हेरा’ या कार्बन क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या संस्थेची वर्षावनांची क्रेडिट तपासली आणि त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक फोल असल्याचे छापले. व्हेराने ते फेटाळले, पद्धतीवर वाद झाले. पण त्याच वर्षी संस्थेच्या प्रमुखांनी पद सोडले आणि बाजाराचा भाव बसला तो बसलाच. या प्रकरणातून ‘बाजार वाईट’ असा धडा काढणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात दिसतो तो काटा.

निसर्गाला किंमत लावूच नका, असे म्हणणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट आधी मान्य करून घ्यावी लागते. किंमत लागून बरीच वर्षे झाली. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयात जे काही घडत गेले त्यातून ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ नावाची चीज जन्माला आली. जंगलाची जमीन खाणीला, रस्त्याला, वीजवाहिनीला द्यायची असेल तर हेक्टरी दर भरायचा. २०२२ च्या सुधारणेनंतर तो जंगलाच्या प्रतीप्रमाणे साधारण साडेनऊ लाखांपासून सोळा लाखांपर्यंत आहे. वर भरपाईची लागवड करायची. ती कशी झाली, हे २०१३ च्या कॅग अहवालात आहे. २००६ ते २०१२ या काळात जंगलाच्या बदल्यात १,०३,३८२ हेक्टर बिगर-वन जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर. प्रत्यक्ष लागवड झाली ७,२८१ हेक्टरांवर. पैसा मात्र साचत राहिला, इतका की ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने त्यातले ४७,४३६ कोटी रुपये राज्यांकडे सोपवले. म्हणजे रान जाण्याचा बाजार रीतसर, पावतीसकट चालू आहे. रान परत येण्याच्या बाजूला मात्र ना मुदत, ना मोजमाप, ना कोणाचा गळा अडकलेला. अशा वेळी ‘आम्ही निसर्ग विकू देणार नाही’ ही घोषणा कोणाला अडवते? विक्री होऊन गेलेली आहे. अडकले आहे ते परतफेडीचे.

तरीही या पक्षाच्या म्हणण्यात एक भाग असा आहे, जो मला खोडता येत नाही. पैसा कर्तव्याला हुसकून लावतो. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येतात म्हणून तिथे दंड लावला. उशीर कमी व्हायचा तर वाढला. आधी बाईंना ताटकळत ठेवण्याची लाज होती. आता पैसे भरले की झाले. दंड काढून टाकल्यावरही उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. चंदगड-खानापूरच्या गावांत देवाच्या नावाने राखलेली राने आहेत. तिथली वाळकी काटकीही लोक उचलत नाहीत. अशा रानाला उद्या हेक्टरी भाव दिला तर दोन गोष्टी होतील. भाव चढा असेल तोवर गाव राखेल, आणि भाव पडला की तोडायला मोकळे झाल्यासारखे वाटेल. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे की जिथे लोक श्रद्धेने किंवा सवयीने राखत आहेत तिथे क्रेडिट घेऊन जाऊच नये. पण सगळा मुलूख काही देवराई नाही. उसाला पाणी देऊन देऊन चोपण झालेल्या अथणी-रायबागच्या जमिनी, वीटभट्ट्यांनी वरची माती काढून नेलेली शेते, गाळाने भरलेले तलाव, उपसा होऊन उघडे पडलेले नदीचे तळ: इथे राखणारी कोणती श्रद्धा शिल्लक आहे, जी पैसा आल्याने पळून जाईल?

खरा सावध व्हायला लावणारा दाखला दूरचा नाही, शेजारच्या धारवाडचा आहे, आणि तो विसरला गेला याचे मला नवल वाटते. १९८४ साली कर्नाटक सरकार आणि हरिहर पॉलिफायबर्स यांनी मिळून ‘कर्नाटक पल्पवुड लिमिटेड’ काढली. ‘पडीक’ सरकारी जमीन हिरवी करायची, सरकारचा पैसा लागणार नाही, कंपनी भांडवल आणणार, रोजगार मिळणार. आजच्या सादरीकरणातली वाक्ये आणि तेव्हाची वाक्ये शेजारी ठेवली तर फरक फक्त टंकाचा. सुमारे तीस हजार हेक्टर जमीन द्यायची ठरली. ती पडीक होती ती महसूल दप्तरात. गावाच्या लेखी तिथे गुरे चरत, गवत मिळे, सरपण मिळे, घराच्या छपराला लागणारे मिळे. कंपनीने तिथे निलगिरी लावली, कारण तिला लगदा हवा होता. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूर गावी लोक जमले, निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी आपल्या उपयोगाची झाडे लावली. हा ‘उपटा आणि लावा’ सत्याग्रह समाज परिवर्तन समुदायाच्या पुढाकाराने झाला, हे भांडण सर्वोच्च न्यायालयातही गेले आणि १९९१ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. यात बुडाले कोण? गावाचे चराऊ रान गेले होते, हे आपण म्हणतोच. पण गुंतवणूकदाराचीही सात वर्षे आणि भांडवल गेले. जमिनीवर हक्क कुणाचा याचा निकाल लावल्याशिवाय आणलेला खासगी पैसा सुरक्षित नसतो, हे पर्यावरणवाद्यांनी सांगायच्या आधी बँकांनी सांगायला हवे. वनहक्क कायदा २००६ पासून आहे. सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढणे हे ‘विकासातला अडथळा’ नसून गुंतवणुकीची पहिली पायरी आहे, एवढे जरी आलेखवाल्या तटाने पत्करले तरी अर्धे भांडण मिटेल.

त्याऐवजी काय झाले? ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिटचे नियम काढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वृक्षलागवडीची पद्धत आली: वनखात्याने ‘अवनत’, म्हणजे खालावलेली, जमीन दाखवायची, तिच्यात विरळ जंगल आले, झुडपी रान आले, पडीक आले, हेक्टरी किमान अकराशे झाडे, एका झाडाला एक क्रेडिट. पुन्हा तीच जमीन, तोच शब्द, तीच माणसे बाहेर. टीका झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पद्धत बदलली. आता पाच वर्षांनी, झाडे जगली आणि त्यांच्या पानांचे छत्र किमान चाळीस टक्के जमिनीवर पसरले तरच क्रेडिट मिळणार. ही सुधारणा खरी आहे, ती मान्य केली पाहिजे. लावलेल्या रोपांऐवजी जगलेले झाड मोजणे म्हणजे काटा निदान जमिनीवर टेकला. पण मोजायचे काय, हे अजून चुकलेलेच आहे. कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूचे जांभ्याचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची उघडी खडकाळ पठारे, पाहा. तिथे झाड नसणे हीच त्या जागेची तब्येत आहे. पावसाळ्यात चार बोटे मातीत जी फुले, गवते, बेडूक येतात ती सावलीखाली टिकणार नाहीत. पूर्वेला सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाकची माळराने आहेत. पलीकडे बागलकोट जिल्ह्यात यडहळ्ळीला २०१६ साली खास चिंकाऱ्यासाठी अभयारण्य केले, ते झुडपी उघड्या रानात. तिथे चाळीस टक्के छत्र आणले तर चिंकारा जाईल आणि क्रेडिट मिळेल. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात हेच केले होते. साग घनफुटात मोजता येत होता, म्हणून सागाचे रान म्हणजे जंगल. कुमरी, म्हणजे रान जाळून केलेली फिरती शेती, चराई, डिंक-मध-शिकेकाई यांचा हिशेब बसत नव्हता म्हणून ते सारे ‘नासाडी’ ठरले, कुमरीवर बंदी आली आणि १८७८ च्या कायद्याने उरलेल्यावर ‘राखीव’चा शिक्का बसला. एकच आकडा मोजणारा बाजार त्या आकड्याला जे जुळत नाही ते पुसून टाकतो.

आता खरेदीदाराचे बोलू. इथे बाजारवाल्या तटाचा सर्वांत मोठा भाबडेपणा उघडा पडतो. नव्या नियमांत क्रेडिटचा व्यापारही जवळपास बंद केला आहे. म्हणजे बाजार म्हणून आणलेल्या योजनेत विकणे नाही. पण ते सोडा. व्यापार खुला असता तरी विकत कोणी घेतले असते? निसर्ग सावरण्याचा फायदा सगळ्यांना फुकट मिळतो; मग खिशात हात कोण घालेल? नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करायला लावणारे कंपनी कायद्यातले सीएसआर आहे, पण त्यातून झाडाचा फोटो येतो, तिसऱ्या उन्हाळ्यातले पाणी येत नाही. इंग्लंडने हे ओळखले आणि सक्ती केली. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे मोठ्या बांधकामाला परवानगी हवी तर जागेच्या जैवविविधतेत किमान दहा टक्के भर घालावी लागते आणि ती तीस वर्षे टिकवावी लागते. स्वतःच्या जागेवर जमत नसेल तर दुसऱ्याकडून विकत घ्यायची. ज्या शेतकऱ्यांनी कुरणे, पाणथळी सावरून ठेवल्या त्यांना गिऱ्हाईक मिळाले ते या सक्तीमुळे. त्या पद्धतीतही खोट आहे: बिल्डरने आपल्याच आवारात दाखवलेली भर नंतर तपासायला नगरपालिकांकडे माणसे नाहीत, आणि छोट्या प्रकल्पांना सूट देण्याची बोलणी सुरू झाली की कुरण राखणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण मुद्दा असा की कायदा आधी आला, बाजार नंतर. ‘खासगी गुंतवणूक आकर्षित करा’ असे म्हणताना आपण आकर्षण शोधत बसतो. आकर्षण नको आहे, सक्ती हवी आहे. ती सरकारच करू शकते. म्हणून सरकार की बाजार हा वाद मला पोकळ वाटतो.

सक्ती कोणावर करायची? बेळगावपुरते बोलायचे तर उत्तर कार्बनमध्ये नाही, पाण्यात आहे. कार्बन कुठलाही कुठेही मोजता येतो, म्हणून त्याचा घोटाळाही कुठेही करता येतो. पाणी तसे नाही. ते वरून खाली येते, त्याला गिऱ्हाईक आधीपासून आहे, आणि कमी पडले की ते गिऱ्हाईक ओरडते. मलप्रभा कणकुंबीला उगवते, खानापूरच्या भातशेतातून जाते आणि सौंदत्तीजवळ नवलतीर्थाच्या धरणात थांबते; हुबळी-धारवाड ते पाणी पितात. ते पुरत नाही म्हणून म्हादईचे पाणी वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प, त्यावरून गोव्याशी भांडण, लवाद, २०१८ चा निवाडा, कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, आणि अजून चालू असलेली कोर्टबाजी. या सगळ्या काळात मलप्रभेच्याच उगमाच्या पाणलोटात माती धरून ठेवणाऱ्या, ओढ्याकाठचे रान न तोडणाऱ्या शेतकऱ्याला कोणी किती रुपये दिले? शून्य. न्यूयॉर्क शहरापुढे नव्वदच्या दशकात असाच पेच होता. गाळणी प्रकल्प बांधायचा तर सहा ते आठ अब्ज डॉलर. शहराने १९९७ साली कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला, शेतकऱ्यांना, गावांना पैसे दिले, जमिनी राखल्या, आणि त्या खर्चाच्या लहानशा भागात काम भागवले. हे अमेरिकेतच होते असे म्हणू नका. हिमाचलातल्या पालमपूर नगर परिषदेने २०१० साली बोहल झऱ्याच्या पाणलोटातल्या गावांशी वीस वर्षांचा करार केला, जंगल राखण्याबद्दल वर्षाला दहा हजार रुपये. रक्कम हास्यास्पद आहे, मान्य. तत्त्व नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: पाणलोट राखणे हे सरकारचे काम, त्यासाठी आपण कर भरतो, मग पाणीपट्टीत पुन्हा वसुली कशासाठी? हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली ती कोणत्या क्रेडिटच्या जोरावर? सरकारी योजना, श्रमदान आणि गावाची शिस्त यांवरच ना? खरे आहे. जिथे तसे नेतृत्व आहे तिथे बाजाराची गरज पडत नाही. पण अशी गावे पन्नास वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी निघाली. बाकीच्यांनी काय करायचे? सरकारी पैशाची अडचण तो कमी असण्याची नाही, त्याच्या कॅलेंडरची आहे. तो मार्चअखेर खर्ची पडतो. बांध घातला, रोप लावले, फलक रंगवला, योजना संपली. रान सावरते दहा-वीस वर्षांत, आणि खरी राखण लागते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये, वणव्याच्या दिवसांत, जेव्हा अधिकारी बदललेला असतो आणि निधीचे शीर्षही. पाण्याच्या बिलात मिळणारा रुपया दर महिन्याला येतो, निवडणूक असो वा नसो. अशा हमखास येणाऱ्या पैशावर बँक कर्ज देते. खासगी भांडवल शिरायची जागा इथे आहे: पहिल्या पाच वर्षांचा खर्च कोणीतरी आधी घालतो, निकाल दिसल्यावर शहर त्याला परत करते, आणि निकाल दिसला नाही तर तो बुडतो. बुडायची तयारी असेल तर त्याला गुंतवणूक म्हणावे. आज जे करार खेड्यापाड्यांत फिरतात त्यांत बुडतो शेतकरी, कारण झाड मेले की त्याचा हप्ता बंद, आणि कंपनीची सल्ला-फी आधीच पोचलेली.

त्यामुळे विकणाऱ्याच्या बाजूला एकट्या शेतकऱ्याला उभे करणे हा गुन्हा आहे. दोन एकर भाताचा धनी एका बाजूला आणि मुंबई-बंगळूरचा वकील दुसऱ्या बाजूला, यातून न्याय्य भाव निघणार नाही. आमच्या मुलखाने याला उत्तर एकदा शोधलेले आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला आणि १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ गावी देशातली पहिली कृषी पतसंस्था उभी राहिली. सावकाराशी एकेकट्याने बोलणारा शेतकरी तिथे पहिल्यांदा गटाने बोलला. पुढे दुधात तेच झाले. गवळ्याच्या मापातून निघून दूध संस्थेच्या डेअरीत आले, फॅट लागले, डिग्री लागली, दहा दिवसांचे बिल लागले, आणि एका म्हशीवाल्या बाईलाही बाजारात उभे राहता आले. दूध कोणी पवित्र मानत नव्हते असे नाही. सहकाराचे पुढे काय झाले, कोणी संस्था खाल्ल्या, हे मला कोणी सांगायला नको. पण संस्था खाल्ली गेली तर निवडणुकीत, निदान वार्षिक सभेत, खुर्च्या फेकता येतात. कंपनीच्या पोर्टलवर कोणावर फेकणार? पाणलोटाची सोसायटी असावी, भूमिहीनाचाही तिच्यात वाटा असावा. पुरंदरमध्ये विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटले होते. हरयाणातल्या सुखोमाजरीत, जिथल्या डोंगराची माती चंदीगडच्या सुखना तलावात जाऊन बसत होती, बंधाऱ्याच्या पाण्यात भूमिहीनांनाही हिस्सा मिळाला, तेव्हाच सगळे गाव डोंगरावरची मोकाट चराई थांबवायला तयार झाले. ज्याला वाटा नाही त्याची शेळी कोण अडवणार?

कराराच्या अटींवर फार लिहीत नाही, पण दोन सोडवत नाहीत. एक, तीस वर्षांचा करार सातबाऱ्यावर, आमच्याकडच्या पहाणीपत्रावर, बोजा म्हणून चढता कामा नये. नाहीतर मुलीच्या लग्नाला सोसायटीचे कर्ज काढायला गेलेल्या माणसाला तो तिथे पहिल्यांदा दिसेल. दुसरी भाषेची. सीमाभागात मराठी कागदासाठी किती वर्षे अर्ज-विनंत्या चालल्या आहेत ते इथल्या वाचकाला सांगायला नको. पण या बाबतीत तो फक्त आपला प्रश्न नाही. कार्बनचे करार इंग्रजीत असतात. सौंदत्तीच्या कन्नड शेतकऱ्याला ते तितकेच परके. खानापुरात मराठी, सौंदत्तीत कन्नड, आणि जी प्रत शेतकऱ्याला वाचता येते तीच कायद्याने खरी. वाचता न येणाऱ्या कागदावरच्या सहीला संमती म्हणणे ही फसवणूक आहे, मग कागद कोणत्याही सरकारचा असो.

आणि काही गोष्टी या हिशेबात आणायच्याच नाहीत. अदलाबदलीचा बाजार चालतो तो बदली मिळण्यासारख्या वस्तूंचा. तलाव गाळाने भरला तर उपसता येतो, बांध फुटला तर घालता येतो. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडेच्या गुहेत राहणारी रॉटनची वटवाघळे इतकी दुर्मीळ की दीर्घ काळ जगात त्यांची हीच एक वसाहत ठाऊक होती. ती गेली तर कुठल्या हेक्टरी दराने, कुठल्या जिल्ह्यातल्या रोपवाटिकेतून परत आणणार? म्हादईचे उगम, सडे, या गुहा यांच्यासाठी ‘इथे तोडा, तिथे लावा’ हा पर्यायच कायद्यात नसावा. पण भीमगडच्या बाबतीत मला जास्त खटकते ते वेगळे. २०११ साली अभयारण्य झाले तेव्हा तळेवाडी, गवाळी, कोंगळा, पास्टोली अशी गावे आत राहिली. आता तळेवाडीसारख्या गावांना कुटुंबामागे पंधरा लाखांचे पॅकेज देऊन बाहेर काढले जाते आहे. तिथले काही जण आपणहून जायला तयार आहेत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार खानापूर शहरात पक्क्या रस्त्यावर राहणाऱ्या कोणाला नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला मैलोन्‌मैल खांद्यावर आणावे लागते, त्या दिवशी निसर्गप्रेम सुचत नाही. पण व्यवस्था काय सांगते ते पाहा. जंगलातून निघून जाण्याचा दर ठरलेला आहे. जंगलात राहून वणवा विझवण्याचा, शिकाऱ्याची खबर देण्याचा, झरा साफ ठेवण्याचा दर शून्य आहे. ज्यांनी बाजाराला विरोध करून नैतिक उंची गाठली, त्यांनी या एकतर्फी दरपत्रकावर किती मोर्चे काढले?

सुरुवात करायची तर मी राकसकोपपासून करीन. बेळगाव शहराचे पाणी राकसकोप आणि हिडकलहून येते. जून उजाडला की राकसकोपची पातळी पेपरात फुटाफुटाने छापून येते आणि लोक ती पगारवाढीइतक्या आवडीने वाचतात. या मार्कंडेय नदीच्या वरच्या खोऱ्यातली शेतकरी मंडळी पुढची दहा वर्षे काय करतात, यावर त्या जलाशयात गाळ किती साचेल आणि मे महिन्यात ओढे किती वाहतील हे बऱ्याच अंशी ठरणार आहे. हिशेबासाठी धरा, शहरात एक लाख नळजोडण्या आहेत आणि प्रत्येकी महिन्याला दहा रुपये घेतले. वर्षाला एक कोटी वीस लाख. पाच हजार एकर पाणलोटावर वाटले तर एकरी चोवीसशे. हॉटेले, गाड्या धुणारी गॅरेजे, औद्योगिक वसाहती यांना दर वेगळा लावला तर आणखी. माती न विकण्याबद्दल, बांध राखण्याबद्दल, ओढ्याकाठी वीस फूट रान सोडण्याबद्दल हा भाव फार मोठा नाही, पण आजच्या शून्यापेक्षा बोलणी सुरू करण्यासारखा आहे. मोजमापाला उपग्रह लागत नाही: शुद्धीकरण केंद्रात पाण्याचा गढूळपणा मोजतातच, जलाशयातला गाळ मोजता येतो, मे महिन्यातली ओढ्याची धार मोजता येते. हे आकडे दोन्ही बाजूंनी न नेमलेल्या माणसाने मोजावेत, एखाद्या कृषी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाने, आणि पातळी छापतात तसे पेपरात छापावेत. आणि शहराने खोटेपणा खपवून घ्यायचे कारण नाही, कारण इथे विकत घेणाऱ्याला पावती नको आहे, पाणी हवे आहे. २००८ पासून बेळगावच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आले, घरोघर मीटर लागले, खासगी कंपनीने ते चालवले. तेव्हाही पाण्याचा बाजार मांडल्याची ओरड झाली होती. नळापाशी मीटर चालतो तर झऱ्यापाशी का नको, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

अडचण पैशाची येणार नाही, सहीची येईल. राकसकोपच्या काठचे तुडये गाव महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आहे. हिडकलला येणारे घटप्रभेचे, ताम्रपर्णीचे पाणीही चंदगडच्या डोंगरात पडते. म्हणजे करारावर एका बाजूला कर्नाटकातल्या महापालिकेची सही लागेल आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातल्या गावांच्या सोसायटीची. दोन राज्यांचा सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कन्नड संघटना विचारतील, आमचा पैसा महाराष्ट्राला का, आणि आपल्यातलेही काही म्हणतील की असा करार केला तर सीमा मान्य केल्यासारखे होईल. दाव्यात हद्द कुठे हे ठरायचे आहे, पाणी कुठून येते हे नाही. करारात ‘उभय पक्षांच्या दाव्यास बाध न येता’ एवढी एक ओळ घातली की वकिलांचे समाधान होते, असली ओळ रोजच्या खरेदीखतांत शंभर वेळा येते. पुढाऱ्यांचे समाधान कशाने होईल ते मला सांगता येत नाही. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात या कामाला एक लेखाशीर्ष उघडले, त्यात पहिल्या वर्षी पाच लाख जरी टाकले, तरी तुडयेच्या ग्रामसभेला बोलायला एक आकडा मिळेल.